घोंगडीची मधली शिवण

मातीच्या माणसाच्या अंगावर घोंगडी घालायची असं मी पहिल्यांदा ठरवलं, तेव्हा ते एका दुपारचं काम वाटलं होतं. माणूस माझ्या तर्जनीपेक्षा थोडासाच उंच. घरात ज्वारीचं रिकामं पोतं होतं. त्याचा तळहाताएवढा तुकडा कापून घेतला, मातीच्या पातळ पोळीवर ठेवला आणि वरून लाटणं फिरवलं. तुकडा उचलला तर मातीत पोत्याची वीण जशीच्या तशी उमटलेली. उभे धागे, आडवे धागे, मधली भोकं, एके ठिकाणी आलेली गाठसुद्धा. ती पोळी हलक्या हातानं माणसाच्या डोक्यावरून पाठीवर सोडली आणि मोठ्या कौतुकानं बायकोला बोलावलं.

तिनं पदराला हात पुसत पुसत वाकून पाहिलं.

"ह्यांनी बाज का पांघरली?" ती म्हणाली.

तिचं खरं होतं. पोत्याचा एकेक धागा त्या माणसाच्या मनगटाएवढा जाड दिसत होता. वीण खरी होती, पण ती माझ्या मापाची होती, त्याच्या मापाची नव्हती. लाटणं आधी धुऊन ठेवा, असंही ती म्हणाली.

ही गोष्ट नव्वदीच्या आसपासची. मी जालन्यात एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचं घर आणि शेत केदारखेड्याला. आमच्या रीतीप्रमाणे महालक्ष्म्या त्या मूळ घरीच बसतात. भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांसाठी जो जिथं असेल तिथून गावी येतो. महालक्ष्म्यांपुढं पाटावर आरास मांडायची असते. मातीचे बैल, विहीर, जातं, दळणारी बाई असं सगळं त्यात असतं. गावातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की देवीला नमस्कार करतात आणि मग आराशीपुढं बसून बराच वेळ बोलतात. कोणाच्या घरच्या बैलाची शिंगं मोडकी आहेत, इथपर्यंत त्यांचं लक्ष असतं. नोकरी लागल्यापासून आमच्या आराशीचं काम माझ्याकडं आलं होतं. लहानपणी पोळ्याचे बैल बरे करायचो, एवढीच माझी लायकी.

त्या वर्षी मला आराशीत दादाला उभं करायचं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा मी पहिलीत आणि तो सातवीत. त्यानं शाळा सोडली आणि औत धरलं. मी गावात शिकलो, मग भोकरदनला, आणि ऐंशीचं दशक सुरू होत असताना जालन्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मीच पहिला. तो कागद कोणाच्या जिवावर आला हे मला चांगलं माहीत होतं, पण ते दादाला सांगायची सोय आमच्यात नव्हती. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी गावी जाऊन मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, "बरं झालं. बैलाला पानी दाखवलं का?" नोकरी लागल्यावर त्याच्यासाठी शर्टाचं चांगलं कापड नेलं, ते त्यानं वहिनीच्या भावाला देऊन टाकलं. बोलून जमत नव्हतं, देऊन जमत नव्हतं. मग वाटलं, करून पाहावं. आपल्या घरच्या आराशीत, देवीपुढं, गावातल्या बायांच्या नजरेसमोर तो उभा असावा, आणि त्यानं स्वतःला ओळखावं. मला एवढंच हवं होतं.

बोटाएवढ्या माणसात चेहऱ्यावरून कोणी ओळखू येत नाही. नाक म्हणजे ज्वारीचा दाणा, डोळे म्हणजे सुईची दोन टोचणं. ओळख पटते ती उभं राहण्यावरून आणि अंगावरच्या कपड्यावरून. दादा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं. पाऊस चालू आहे, मी दुसरी-तिसरीत आहे. दादा डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन पुढं चालतोय आणि मी मागून त्याच घोंगडीत शिरलोय. आत अंधार, ओल्या लोकरीचा वास, आणि खाली फक्त त्याच्या टाचा दिसायच्या. त्याची टाच उचलली की आपण पाऊल टाकायचं. असे आम्ही चिखल तुडवत शेतातून घरी यायचो. म्हणून मला घोंगडी हवी होती, आणि ती खरी वाटायला हवी होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे मूर्तिकार राहत. गणपतीचे दिवस सोडले तर ते दुकानांच्या पाट्या रंगवत. बाज पांघरलेला माणूस वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला.

"सर, तुम्ही कपडा छापला," ते म्हणाले. "कपडा छापायचा न्हाई. घालायचा."

"म्हणजे कसं?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या गुडघ्यावर टाकला. "हे बघा. गुडघ्यावर आला की धागा वाकला. घडीत गेला की दिसंनासा झाला. तुम्ही पट्टीनं आखल्यावानी सरळ धागे घेऊन राह्यले. अंगावरच्या कपड्यात सरळ धागा बिलकुल नसतो. घरी घोंगडी हाये का?"

"इस्त्रीखाली घालायचा एक जुना पट्टा आहे."

"मंग तो हातात घ्या. चार दिस नुसता चाचपा. कपडा डोळ्यानं कळत न्हाई."

तो पट्टा मी कॉलेजच्या वसतिगृहात पांघरायचो. लांबीला पुरेसा, रुंदीला जेमतेम दीड हात. कूस बदलली की पाठ उघडी पडायची. लग्नानंतर बायकोनं तो चौघडी करून, वरून जुनी चादर शिवून, इस्त्रीसाठी टेबलावर घातला होता. चादरीची एक बाजू उसवून मी तो थोडासा बाहेर काढला आणि चाचपत बसलो. दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे, घोंगडीत वीण असते, पण ती लोकरीच्या लवेखाली झाकलेली असते. पोत्यासारखी भोकं दिसतच नाहीत. दुसरी म्हणजे, घोंगडी अंगावर लोळत नाही, ताठ राहते. सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते ना, म्हणून. तिच्या घड्या साडीसारख्या बारीक पडत नाहीत. दोन-तीनच पडतात, जाड आणि गोल.

मग मी नव्यानं सुरुवात केली. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात पिंजलेला कापूस कुटून मिसळला. आधी उघडा माणूस केला, तो अर्धवट सुकू दिला, मग त्याच्या अंगावर मातीची घोंगडी घातली आणि घड्या बोटानं पाडल्या. वीण काढायला बारीक दातांचं काही सापडेना. शेवटी बायकोची लाकडी फणी घेतली. घड्यांच्या वळणानं फणी ओढायची, एकदा उभी, एकदा आडवी. वीण उमटली की घासून गेलेल्या दातांच्या ब्रशनं वरून हलके हलके टोचे मारायचे, म्हणजे ती निम्मी बुजते आणि लव आल्यासारखी दिसते. आधी सगळी वीण नेटानं काढायची आणि मग तिच्यातली अर्धी आपल्याच हातानं घालवायची, याची सवय व्हायला मला महिना लागला. शाळा सुटल्यावर रोज तासभर बसायचो. चार माणसं बिघडली. पाचव्याला हात लावल्यावर माझा मलाच लोकरीचा भास झाला.

"माझी फणी गेली ती गेलीच," बायको म्हणाली, "पण आता ही घोंगडी आहे."

एक गोष्ट राहिली होती. आमच्याकडच्या घोंगड्या अरुंद मागावर विणलेल्या असत. एकसारखे दोन पट्टे विणायचे आणि मधोमध जाड दोऱ्यानं जोडायचे. खोळ घेतली की ती शिवण डोक्यापासून टाचेपर्यंत पाठीवरून उतरते. दादाच्या मागं चालताना ती शिवण आतून माझ्या कपाळाला घासायची, हे मला पक्कं आठवत होतं. इस्त्रीच्या पट्ट्याला अर्थातच तशी शिवण नव्हती, म्हणून ती मी आठवणीनं केली. बाभळीच्या काट्यानं एकेक तिरपा टाका काढला. मला वाटलं, ही शिवण पाहिली की दादा लगेच ओळखेल.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा भरून त्यात ती माणसं, बैल सगळं ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन आम्ही एस.टी.नं गावी गेलो. वहिनीनं महालक्ष्म्या उभ्या केल्या होत्या. मी पाटावर आरास मांडली. घोंगडीवाला विहिरीजवळ ठेवला, पाठ लोकांकडं करून, म्हणजे शिवण दिसावी.

दादा शेतातून आला, पाय धुतले, देवीला हात जोडले आणि आराशीपुढं उकिडवा बसला. मी मागं उभा होतो. 

"हा कोन हाये?" त्यानं विचारलं.

"ओळख की."

त्यानं माणूस उचलला आणि दाराच्या उजेडात नेला. उलटा केला, सुलटा केला. "घोंगडी बराबर जमली गड्या. खळ दिल्यावानी ताठ उभी राह्यली." मग म्हणाला, "पन कोन हाये?"

"तू आहेस, दादा."

तो हसला. "मी? छे. हा मी न्हाई."

"का रे? चेहरा एवढ्याशात काय..."

"चेहऱ्याचं सोड." त्यानं अंगठ्याचं नख शिवणीवरून वरून खाली ओढलं. "ही शिवण मायनं कव्हाच उसवल्ती. तू जालन्याला गेल्ता ना, त्याच्या आदल्या दिवशी. एक पट्टा तुझ्या वळकटीत घातला, एक हितं ठेवला. पुरी घोंगडी घेऊन मी कव्हा हिंडलो? तू जाईस्तोवरच."

वहिनी पुरणाचं पातेलं उतरवत होती. ती तिथूनच म्हणाली, "मी लगीन होऊन आले तव्हाबी तसलाच पट्टा व्हता ह्यांच्या डोक्यावर. म्या म्हनलं, ह्या घरात घोंगडीबी उसवून वाटून घेत्यात का काय! पयल्याच पावसात हे घरी आले ते डोकं कोरडं आन दोन्ही खांदे ओले चिंब."

"मग दुसरी का नाही घेतली?" मी विचारलं. हे विचारतानाच मला कळलं, की आपण काय विचारतोय.

"घेऊ घेऊ म्हनता म्हनता तुझं कॉलेज सरलं," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस किती झाला हे सांगावं तसं तो सांगत होता. "मंग पट्टा बैलाच्या पाठीवर टाकला. मंग विहिरीच्या मोटारीवर झाकला. मंग उंदरांनी नेला."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुला काय सांगायचं त्याच्यात? पावसाळ्यात तू हितं असायचा कुठं? दिवाळीला यायचा, उन्हाळ्यात यायचा. तव्हा घोंगडी घडी करून वर ठेवलेली."

इतक्यात शेजारची काकू हळदीकुंकवाला आली. आराशीपुढं बसली, बैलांना नावं ठेवली, मग घोंगडीवाल्याकडं बोट करून म्हणाली, "हा कोन गं नवा?"

"कोनी न्हाई काकू," दादा म्हणाला, "असाच एक गडी." आणि त्यानं तो माणूस परत विहिरीजवळ नीट उभा करून ठेवला.

परत येताना मी डबा मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसलो होतो. पाच वर्षं मी तो पट्टा पांघरला होता. वसतिगृहातल्या मुलांना सांगितलंही होतं की आमच्याकडं विद्यार्थ्यांसाठी अशी अरुंद घोंगडी मिळते. मला खरंच तसं वाटायचं. कपड्याला दोन बाजू असतात आणि अर्ध्याला दुसरा अर्धा असतो, हे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कधी सुचलं नव्हतं. दादाचं जे चित्र मी इतक्या मेहनतीनं मातीत उतरवलं, ते मी घर सोडण्याआधीचं होतं. त्यानंतरचा दादा मी पावसात पाहिलेलाच नव्हता.

घरी आल्यावर इस्त्रीच्या टेबलावरची चादर पूर्ण उसवली आणि पट्टा जमिनीवर पसरला. मध्यभागी इस्त्रीचा तपकिरी डाग होता. एक कड मागावरची, गुळगुळीत. दुसऱ्या कडेला बोटभर आत ओळीनं भोकं होती. लांब लांब टाक्यांची. दोरा निघून गेला होता, पण जाड सुईनं जिथं लोकर बाजूला सारली होती, तिथं ती अजून मिटली नव्हती. आईचे टाके लांबच असत, तिला घाई असे. ती जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिलो. मूर्तिकार म्हणाले होते तसं नीट चाचपलं असतं, तर ही कड तेव्हाच हाताला लागली असती.

पुढचं वर्षभर मी दुसरा दादा करत होतो. हे काम पहिल्यापेक्षा अवघड निघालं. पुरी घोंगडी सगळं अंग झाकते, तिच्याखाली माणूस कसाही असला तरी चालतो. अरुंद पट्टा डोकं आणि पाठीची मधली बाजू झाकतो, बाकीचा माणूस उघडा राहतो. म्हणजे आता सदराही करावा लागणार, आणि तोही भिजलेला. दवाखान्यातल्या पट्टीच्या विरळ कापडानं सदऱ्याची वीण बरी उमटायची. पण ओला कपडा अंगाला चिकटतो आणि त्याची वीण दिसेनाशी होते. म्हणून खांद्यांवर ओलं बोट फिरवून सगळं गुळगुळीत केलं आणि पट्ट्याखाली कोरड्या राहिलेल्या पाठीवर, जिथं कोणी बघणारही नव्हतं, तिथं वीण राहू दिली. हात छातीशी आवळलेले घेतले. शेवटी पट्ट्याच्या एका कडेला, काठापासून केसभर आत, सर्वांत बारीक सुईनं भोकं पाडली. खऱ्या पट्ट्यावर मोजून घेतलं, त्याच अंतराच्या हिशेबानं सतरा भोकं आली.

मूर्तिकारांना नेऊन दाखवला. त्यांनी खूप वेळ पाहिला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "ह्या माणसाला थंडी वाजून राह्यली, सर."

भाद्रपदात पुन्हा डबा घेऊन गावी गेलो. यावेळी मी तो आराशीत ठेवलाच नाही. दादा पाय धुऊन आला तेव्हा सरळ त्याच्या हातात दिला. तो दारात गेला. आधी त्यानं खांदे पाहिले. मग पट्ट्याची कड अंगठ्यानं चाचपली, अंगठा थांबला, परत मागं गेला. माणूस त्यानं डोळ्यांजवळ नेला.

"भोकंबी काढली," तो म्हणाला.

"हो."

"मायचे टाके लांब व्हते."

"हो."

मग आत येऊन त्यानं स्वतःच्या हातानं तो माणूस आराशीत ठेवला. विहिरीजवळ नाही, पुढं, देवीच्या पायांशी, जिथं सगळ्यांची नजर आधी जाते तिथं. ठेवून झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोट जरा जादा काढलं, मास्तर. तव्हा मला पोट कुठलं?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसली.

दुपारी शेजारची काकू आली. हळदीकुंकू झालं, आणि ती नेहमीप्रमाणे आराशीपुढं मांडी घालून बसली.

"हा मागल्या सालचाच गडी का रं?" तिनं दादाला विचारलं.

"न्हाई काकू. तो दुसरा कोनी व्हता. हा मी हाये."

काकूनं मान पुढं काढून पाहिलं. "तूच की रं! खांदे कसे उचलून धरलेत बघ. आन घोंगडी अशी कशी? निम्मीच?"

"निम्मी जालन्याला शिकायला गेल्ती," दादा म्हणाला.

काकू हसली. मग हसता हसता तिची नजर माझ्याकडं वळली आणि थोडी थांबली. "मंग," तिनं त्यालाच विचारलं, "पास झाली का?"

"झाली की. मास्तर झाली."

मी खाली वाकलो आणि आराशीतला एक बैल, नीट उभा होता तरी, उचलून पुन्हा तिथंच ठेवला.